एकेकटी आणि एकत्र

उजव्या हाताची मूठ सावकाश वळा. थोडा वेळ तशीच ठेवा. आता ती सैल सोडा आणि बोटं उघडताना पाहा.

मूठ वळली, कारण चेतातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन सुटलं आणि स्नायू आखडला. हे रसायन लगेच फोडलं जावं लागतं. ते काम करणारं विकर आहे कोलिनएस्टरेज. त्याचा एकेक रेणू सेकंदाला हजारो रेणू फोडतो. हे विकर अडलं, तर स्नायू थरथरत राहतो, थकतो आणि शेवटी लुळा पडतो. छातीचे स्नायूही त्याच्याच भरवशावर आहेत. एक श्वास घ्या. घाई नाही.

आता मन १९९१ च्या आखाती युद्धाकडे न्या. याच विकराला अडवणाऱ्या विषारी वायूच्या भीतीने सुमारे अडीच लाख अमेरिकी सैनिकांना पायरिडोस्टिग्माइनच्या गोळ्या दिल्या गेल्या. किडे-माश्या चावू नयेत म्हणून अंगाला डीट लावायचं, कपड्यांवर परमेथ्रिन. तिन्ही गोष्टी आधीपासून वापरातल्या. पायरिडोस्टिग्माइन तर स्नायूंच्या दुबळेपणावरचं जुनं औषध. घरी परतलेल्या हजारोंना थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा जडला, आणि तो गेला नाही.

१९९६ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या मोहम्मद अबू-दोनिया आणि सहकाऱ्यांनी हीच तीन रसायनं कोंबड्यांना देऊन पाहिली. कोंबड्याच का? १९३० मध्ये अमेरिकेत भेसळीच्या आल्याच्या अर्काने हजारो माणसांच्या पायांतलं बळ गेलं होतं. त्यातलं रसायन कोंबडीला दिलं, तेव्हा तिचे पायही माणसासारखेच गेले. तेव्हापासून ही परीक्षा तिच्या वाट्याला आली.

त्या कोंबडीपाशी थोडं थांबा. निष्कर्षाकडे एवढ्यात जाऊ नका. दोन महिने तिला डोस मिळतो आहे. ज्या कोंबड्यांना एकच रसायन दिलं, त्यांच्यात फारसं काही दिसत नाही. दोन दिली, तेव्हा त्रास वाढतो. तिन्ही एकदम दिली, तेव्हा तो सर्वांत जास्त. तिची चाल बिघडते आहे. तोल सावरायला ती धडपडते आहे, आणि हे काय चाललं आहे ते तिला कुणी सांगू शकत नाही. मला हे वाचताना दर वेळी जड जातं, आणि ते जड जावं असंच वाटतं.

डोस मोठे होते, सैनिकांना मिळाले त्याहून कितीतरी अधिक. हा आक्षेप खरा आहे. पुढे उंदरांवर बरेच कमी डोस वापरले गेले. अरुंद पट्टीवरून चालताना आणि उतरत्या फळीवर पाय रोवताना उंदीर कमी पडले.

असं का होतं? रक्तात आणि यकृतात अनेक विषं फोडणारी विकरं असतात. संशोधकांचा तर्क असा, की पायरिडोस्टिग्माइन त्यांना गुंतवून ठेवतं आणि मग बाकीची दोन रसायनं न फुटता चेतासंस्थेपर्यंत पोचतात. असाच प्रकार १९५७ मध्ये ईपीएन आणि मॅलेथिऑन या कीटकनाशकांच्या जोडीत दिसला होता. एकाने दुसऱ्याची मोडतोड रोखली होती. एकेकट्या मात्रेला ‘सुरक्षित’ म्हणताना आपण गृहीत धरतो, की शरीराला त्या वेळी दुसरं काही काम नाही.

ही गोष्ट मनात धरून एक आकडा पाहा. दहा रसायनांच्या जोड्या पंचेचाळीस होतात. शंभरांच्या चार हजार नऊशे पन्नास. प्रत्येक जोडी तपासावी असं मन म्हणतं. आणि प्रत्येक जोडीमागे पुन्हा जिवंत प्राणी उभे आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. लगेच उत्तर शोधू नका.

आता यवतमाळ. २०१७ चा पावसाळा, डोक्याएवढी वाढलेली कपाशी, पाठीवर पंप. फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. अनेक ठिकाणी दोन-तीन औषधं मिसळून मारली जात होती. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन ही जोडी तर एकाच बाटलीत मिळते. सायपरमेथ्रिन फोडणारी अळीची विकरं प्रोफेनोफॉस अडवतं, म्हणून ही जोडी अळीवर चालते. तशीच विकरं फवारणाऱ्याच्या शरीरातही असतात.

प्रोफेनोफॉसच्या विषबाधेवर ॲट्रोपिन देता येतं. सायपरमेथ्रिनवर खास उतारा नाही. म्हणून रुग्ण आला की डॉक्टरला आधी विचारावं लागतं, पंपात काय काय होतं? मजुराच्या हाती भरलेला पंप आलेला असतो; बाटल्या त्याने पाहिलेल्याच नसतात.