आधी मूळ प्रत शुद्ध हवी



परवा लॅपटॉप बिघडला. विंडोजच्या फाइली खराब झाल्या होत्या. 'एसएफसी स्कॅननाऊ' कमांड दिली. ती प्रत्येक सिस्टिम फाइल आत साठवलेल्या चांगल्या प्रतीशी ताडून पाहते, बिघडलेली बदलते. पण काही दुरुस्त होईनात, कारण आतली प्रतच खराब! मग 'डिझम'ने इंटरनेटवरून शुद्ध फाइली आणल्या, पुन्हा स्कॅन केलं, तेव्हा कुठं जमलं.

शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीतही नकला करता करता अपपाठ शिरले. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये प्रती ताडून ती शुद्ध केली. मूळ पाठात स्वतःची ओवी मात्र घातली नाही.

भावाशी माझा वर्षभर अबोला. मनाला विचारलं की ते म्हणायचं, तुझंच खरं. अहो, ज्याच्याशी ताडायचं तेच बिघडलेलं! आज बाराव्या अध्यायात भक्ताचं पहिलंच लक्षण वाचलं: कुणाचाही द्वेष नाही. तिथं माझी चूक सापडली.

शारंगधर बालाजीचं दर्शन घेतलं आणि देवळाबाहेरूनच फोन लावला. तो एवढंच म्हणाला, "जेवलास का रे?"

रोज थोडं वाचा, मंडळी. आपली प्रत ताडून पाहा.

राम कृष्ण हरी.