परक्या घरातली मावशी



पंधरा-सोळा वर्षांची मुले शाळेच्या एका वर्षासाठी परदेशी जातात आणि तेथे वसतिगृहात न राहता एखाद्या अनोळखी कुटुंबात राहतात, ही गोष्ट आता आपल्याकडेही कानावर येऊ लागली आहे. एएफएस नावाची संस्था मुळात पहिल्या महायुद्धात जखमींना वाहून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, तिने शाळकरी मुलांची अशी देवाणघेवाण सुरू केली. रोटरीचाही असा कार्यक्रम आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकन सरकारने २००२ मध्ये आणखी एक योजना काढली आणि तिच्यातून भारतातील मुलेही अमेरिकन घरांत राहून आली. या योजनेत मुलाला ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला त्याचा मोबदला मिळत नाही. ते घर, ते ताट आणि ती खोली फुकट असते. आमच्या मते सगळा अवघड प्रश्न येथूनच सुरू होतो.

जो पैसे देऊन राहतो त्याचा हिशेब महिन्याच्या महिन्याला मिटतो. फुकट राहणाऱ्याचा मिटत नाही. आणि तो पाहुणाही नसतो. आपल्याकडची जुनी म्हण पाहुण्याला दोन दिवस देते, तिसऱ्या दिवशी राहणाऱ्याची अक्कल काढते. 'अतिथी' या शब्दातच तिथी नाही. तो न कळवता येतो आणि लवकर जातो, म्हणून त्याला देव मानणे सोपे जाते. दहा महिने राहणाऱ्याला देव मानणे कोणालाच जमणार नाही. तो न्हाणीघर अडवून बसतो, त्याला आपली भाजी आवडत नाही, रविवारी आपण मिस्साला निघालो की त्याने काय करायचे हा प्रश्न उभा राहतो. मग यजमानाच्या मनात हळूच एक विचार येतो, आणि तो वाईट माणसाच्याच मनात येतो असे नाही: हा आमच्यासारखाच झाला तर किती बरे होईल! असे वाटण्यात गैर काय, आणि त्यासाठी काही करण्यात गैर काय, हा आजचा प्रश्न.

उत्तर शोधण्यासाठी आम्हाला एक मराठी मुलगी आठवते. ती गेली तेव्हा असल्या योजना नव्हत्या. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणला जन्मलेली यमुना नवव्या वर्षी लग्न होऊन आनंदी जोशी झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. आपल्या बायांना बाईच डॉक्टर हवी, या विचाराने तिला पुढे घेतले. तिचे पती गोपाळराव टपाल खात्यात होते. बायकोच्या अमेरिकेतील शिक्षणासाठी त्यांनी मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला. प्रिन्स्टनहून मिशनरी मासिक काढणारे रेव्हरंड वाइल्डर यांनी तो आपल्या मासिकात छापला, आणि सोबत आपले उत्तरही छापले. उत्तराचा मथितार्थ असा, की आधी ख्रिस्ताचा स्वीकार करा, मग मदतीचे पाहू.

तोच अंक न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती पडला. दात दाखवायला गेल्या असताना तेथे वाचला, असे सांगतात. त्या मिशनरी नव्हत्या. घरसंसार करणारी बाई. त्यांनी थेट आनंदीबाईंना पत्र लिहिले, घर देऊ केले, आणि त्यात अट घातली नाही. पुढे तीन वर्षे पत्रे चालली. आनंदीबाईंची प्रकृती नाजूक, म्हणून या बाईंनी समुद्रापलीकडून औषधे पाठवली. दोघींनी एकमेकींना अजून पाहिलेही नव्हते, तेव्हाच आनंदीबाई त्यांना 'मावशी' म्हणू लागल्या होत्या.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी जाहीर भाषण केले. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी तेथे सांगून टाकले. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट निघाली, ४ जूनला न्यूयॉर्कला लागली. वय अठरा. पती बरोबर नाही. धक्क्यावर मावशी उभ्या होत्या.

उन्हाळा रोझेलला गेला. ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या दाखल झाल्या. रोझेलच्या घरी बाहेरून पाहता मोठे असे काही घडले नाही, आणि आम्हाला नेमके तेच मोलाचे वाटते. आनंदीबाई शाकाहारी राहिल्या. कुंकू राहिले. नऊवारीत तेथील थंडीत पोटऱ्या उघड्या पडत, म्हणून त्या गुजराती पद्धतीने पातळ नेसू लागल्या. हा बदल त्यांनी केला, पण पातळ सोडून झगा घातला नाही. कोणते बदलायचे आणि कोणते नाही, हे ठरवण्याचा हक्क त्या घराने त्यांच्याकडेच ठेवला.

त्या काळी हे किती अवघड होते, याची कल्पना यावी म्हणून एक गोष्ट सांगतो. १८९० साली याच गोपाळरावांनी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले अशा मंडळींना चहापानाला नेले आणि मग चहा घेणाऱ्यांची नावे छापून आणली. केवढे वादळ उठले! ख्रिस्ती घरच्या एका पेल्यावरून प्रायश्चित्तापर्यंत मजल गेली. (गोपाळराव हे असेच विचित्र गृहस्थ, त्यांच्याबद्दल पुन्हा कधीतरी.) आणि येथे एक ब्राह्मण मुलगी ख्रिस्ती घरात मुलीसारखी राहून आली होती.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. वाइल्डरसाहेब वाईट माणूस होते असे आम्ही म्हणणार नाही. ज्याला एखादी गोष्ट खरी आणि तारक वाटते, तो ती दुसऱ्याला देऊ पाहणारच. आपणही ख्रिस्तसभेची लेकरे आहोत, सुवार्ता लपवून ठेवायला आपल्याला सांगितलेले नाही. मग अट घालणारे चुकले कोठे? आमच्या मते ते श्रद्धेचा आग्रह धरण्यात चुकले नाहीत, श्रद्धेला छपराची किंमत ठरवण्यात चुकले. जिची उद्याची भाकरी आपल्या हाती आहे, तिने दिलेला होकार खरा की भाकरीसाठी दिलेला, हे देणाऱ्यालाही कळत नाही, घेणाऱ्यालाही नाही. कधीकधी होकार देणारीलाही कळत नाही. होकार खरा होण्यासाठी 'नाही' म्हणूनही ताट वाढले जाईल, ही खात्री लागते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ च्या धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात विश्वास हा स्वभावतःच मुक्त असावा लागतो असे मांडले. रोझेलच्या त्या बाई ते ऐंशी वर्षे आधी आपल्या स्वयंपाकघरात पाळत होत्या.

हे आपल्या मराठवाड्यात आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. १८९६-९७ चा दुष्काळ, मग १८९९-१९०० चा. त्या दिवसांत मिशनच्या दारी आलेल्या आपल्या पणजोबा-खापरपणजोबांना 'पोटासाठी बाटले' हा टोमणा ऐकावा लागला, आणि तो नातवंडांपर्यंत पोचला. हा टोमणा अन्यायाचा आहे. भुकेल्या माणसालाही सदसद्विवेक असतो, आणि पुढे चार पिढ्या जे टिकले ते नुसत्या धान्यावर टिकले नाही. पण टोमणा मारायला जागा कोठे मिळते? जेथे कोणीतरी धान्याच्या पोत्यावर हात ठेवून प्रश्न विचारलेला असतो, तेथे. म्हणून ज्यांनी हा टोमणा सोसला, त्यांनी आपल्या घरी राहणाऱ्या परक्या लेकराच्या बाबतीत दुप्पट जपायला हवे.

रूथची गोष्ट आपण जाणतो. ती मवाबी सून नामीचा देव आपला मानते, सासूला सोडत नाही. ती वाचताना एक तपशील आपल्या हातून निसटतो: नामीने तिला तसे कर म्हटलेले नाही. उलट आपल्या माहेरी, आपल्या लोकांकडे परत जा, असे पुन्हापुन्हा विनवले आहे. परतीचा रस्ता मोकळा होता, म्हणून रूथच्या शब्दांना एवढे वजन आले.

इमॅन्युएल कांट या तत्त्वज्ञाने १७९५ मध्ये लिहिले, की परक्या भूमीवर पाय ठेवणाऱ्याला शत्रूसारखे वागवले जाऊ नये हा त्याचा हक्क आहे. मात्र घरातला होऊन राहणे हा हक्क नव्हे, त्यासाठी वेगळा स्नेहाचा करार लागतो. म्हणजे व्हिसा सरकार देते. मावशी सरकारला देता येत नाही. कांटचे म्हणणे बरोबर आहे, पण त्या कराराच्या आत काय असते ते त्याने सांगितले नाही. ते सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत अधिक सापडते. आलेल्या पाहुण्यात ख्रिस्ताला पाहावे, हा तिचा ५३ वा अध्याय बहुतेकांना माहीत असतो. आम्हाला ६१ वा जास्त आवडतो. दूरच्या प्रांतातून आलेला संन्यासी मठात राहिला आणि त्याने नम्रपणे, समंजसपणे मठातली एखादी उणीव दाखवली, तर मठाधिपतीने नीट विचार करावा. कदाचित देवाने त्याला त्यासाठीच धाडले असेल. परक्याला जागा देण्याच्या पुष्कळ गोष्टी आपण ऐकतो, पण परक्याचे ऐकून घरच बदलावे, हे सांगणारे थोडे.

मग राहणाऱ्याचे काही कर्तव्य नाही काय? आहे. आपले ताट आपण घासावे, उशीर होणार असेल तर कळवावे, घरच्यांच्या प्रार्थनेच्या वेळी टीव्हीचा आवाज कमी करावा. सांगण्यासारखे यात फार नाही, घरोघरी आया हे सांगतच असतात. पण कृतज्ञता म्हणजे आज्ञाधारकपणा नव्हे, एवढे मात्र मुलांना सांगून पाठवावे. आनंदीबाईंनी त्या घराला जे दिले ते पाहा. त्यांनी यजमानीण बाईंना आपल्या भाषेतले एक नाते दिले, आणि तेही किती विचाराने निवडलेले! आई म्हटले असते तर कल्याणच्या आईची जागा गेली असती, बाईसाहेब म्हटले असते तर अंतर राहिले असते. मावशी ही आईची बहीण. ती आली म्हणून आई पुसली जात नाही. 'माय मरो, मावशी जगो' म्हणणाऱ्या भाषेतून आलेल्या मुलीलाच हे सुचावे. आज परदेशी जाणारी मुले यजमान बाईंना सर्रास 'मॉम' म्हणतात. त्यात प्रेम नसते असे नाही, पण आम्हाला मावशीच बरी वाटते.

परदेश लांब राहिला. भोकरदन, परतूर, अंबड, घनसावंगीच्या खेड्यांतली मुले दहावीनंतर जालन्याला, छत्रपती संभाजीनगरला, पुण्याला जातात आणि कोणा काका-मामाकडे, ओळखीच्यांकडे राहतात. ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरे तर वर्षातले काही महिने आजीच्या नाहीतर चुलतीच्या घरी असतात. तीही अशीच परक्या ताटावर बसलेली मुले आहेत. पुण्याला गेलेले पोर दोन महिन्यांत 'कामून' आणि 'लई' म्हणणे सोडते. फोनवर आईशी बोलताना शब्द गिळते. त्याने पुण्याची भाषा शिकू नये असे आमचे म्हणणे नाही. शिकावी, पातळ वेगळे नेसावे तशी शिकावी. पण त्या घरातल्या पोरांनी हसून-हसून त्याची बोली काढून घेतली असेल, आणि मोठी माणसे गालातल्या गालात हसत बसली असतील, तर तेथे जेवण वेळेवर मिळत होते या गोष्टीने आमचे समाधान होत नाही. आणि ज्या घराने त्याला विचारले की तुमच्याकडे याला काय म्हणतात, त्या घरात ते पोर मावले. ज्यांच्या घरी येत्या जूनमध्ये असे कोणी राहायला येणार असेल, त्यांनी आपल्या मुलांना हे आधी सांगून ठेवावे. पोर आल्यावर त्याच्यासमोर सांगू नये.

आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या. त्या सोहळ्याला पंडिता रमाबाई हजर होत्या. वर्षअखेरीस त्या मायदेशी परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठेवली होती, पण क्षयाने गाठले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. गोपाळरावांनी त्यांची रक्षा मावशींकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथल्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, ती ठेवली आहे. धर्म बदललेला नाही, रक्ताचे नाते नाही, तरी त्या घराने तिला आपल्या माणसांत जागा दिली. वरच्या दगडावर आडनाव जोशी असेच कोरले आहे.