पडद्याआडचे कर्तव्य



आपल्या धर्मग्रामातील कितीतरी मुलेमुली आज नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी आणि डॉक्टरकीच्या अभ्यासक्रमांकडे वळत आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. प्रवेशाच्या वेळी आपण फी किती, हॉस्टेल कसे, पुढे परदेशी नोकरी मिळेल का, हे सारे विचारतो. एक प्रश्न मात्र घरात सहसा निघत नाही : रुग्णाच्या खाटेजवळ आपल्या मुलाने कसे वागावे? हे वागणे पदवीनंतर शिकायचे नसते. गणवेश अंगावर चढला, त्याच दिवशी ते सुरू होते. समोरचा विद्यार्थी पहिल्या वर्षाचा की शेवटच्या, हे रुग्णाला ठाऊक नसते. तो विश्वासाने अंगावरचे कपडे बाजूला सारतो आणि घरात कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगून टाकतो.

संत मार्कलिखित शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात लोक एका बहिऱ्या-तोतऱ्या माणसाला येशूकडे आणतात. प्रभू त्याला गर्दीतून बाजूला, एकांतात नेतो आणि मगच त्याच्या कानांना व जिभेला स्पर्श करतो. याईराच्या घरीही तो गोंगाट करणाऱ्यांना बाहेर काढतो. मुलीचे आईवडील आणि तीन शिष्य एवढ्यांनाच आत नेतो. ज्याच्यापाशी बरे करण्याचे सामर्थ्य होते, त्याने दुःखी माणसाचा तमाशा होऊ दिला नाही. वॉर्डात खाटेभोवतीचा पडदा ओढणारा विद्यार्थी प्रभूचेच अनुकरण करीत असतो.

आपल्या देशाची वैद्यपरंपराही हेच सांगते. चरकसंहितेच्या विमानस्थानात गुरू शिष्याला अग्नीच्या साक्षीने नियम घालून देतो. रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत, हा त्यांपैकी एक. ध्यानात घ्या, हा नियम शिकायला आलेल्या शिष्यासाठी आहे. प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेले कुणालाही न सांगण्याचे बंधन आम्हा धर्मगुरूंवर असते. रुग्णाने ठेवलेला विश्वासही त्याच जातीचा आहे.

तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी शिकवले की माणसाला केवळ साधन म्हणून कधीही वापरू नये. शिकवण्याच्या रुग्णालयात हा धोका रोजचा असतो. एखाद्या यंत्रमाग कामगाराची प्लीहा वाढलेली असते आणि दहा विद्यार्थी एकामागून एक त्याचे पोट दाबून पाहतात. शिकण्यासाठी ते आवश्यकच आहे. पण त्याचे नाव विचारावे, परवानगी घ्यावी, तपासून झाल्यावर चादर नीट करावी, आभार मानावेत. याला मिनिटभरही लागत नाही. ‘बारा नंबरची केस’ म्हटले की माणूस हरवतो.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. त्या पुन्हा बऱ्या झाल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत जवळजवळ ४२ वर्षे तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. परिचर्या शिकणाऱ्या प्रत्येक नव्या तुकडीची अरुणाशी ओळख करून दिली जाते, ती आपल्यापैकीच एक आहे असे सांगितले जाते, असे रुग्णालयाने न्यायालयाला कळवले होते. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांना एकही बेडसोर झाला नव्हता. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या परिचारिकांच्या सेवेचा गौरव केला. जी बोलू शकत नव्हती, तक्रार करू शकत नव्हती, तिच्याशी त्या अशा वागल्या. वर्तनाची खरी परीक्षा तीच.

आता आपल्या भिवंडीकडे पाहू या. इथे चाळीत भिंतीला भिंत लागून आहे. यंत्रमागावर काम करणाऱ्याला क्षयरोग झाल्याचे कळले, तर त्याची भाड्याची खोली जाऊ शकते. एखाद्या मुलीचा रिपोर्ट बाहेर फुटला, तर ठरलेले लग्न मोडते. एचआयव्हीविषयीचा २०१७ चा कायदा संमतीवाचून अशी माहिती उघड करण्यास मनाई करतो. पण कायदा पोहोचण्याआधी मोबाइलवरचा फोटो पोहोचतो! कधी कधी तर आपण प्रार्थनेच्या नावाखालीही बोलतो : “अमक्यासाठी प्रार्थना करा, त्याला अमुक आजार आहे.” प्रार्थना जरूर करावी. परमेश्वराला आजाराचे नाव सांगावे लागत नाही.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, वॉर्डातले वॉर्डातच राहू द्या. मात्र गुप्तता म्हणजे अन्यायावर पांघरूण नव्हे. रुग्णाची हेळसांड दिसली किंवा आपल्याच हातून औषधाची चूक झाली, तर ताबडतोब शिक्षकांना सांगा.

आणि पालकांनो, लेक ड्युटीवरून दमून आली की “आज शेजारच्या मावशी दवाखान्यात कशाला आल्या होत्या?” असे विचारू नका. तिला गरम जेवण वाढा. तिचे मौन हा तिच्या सेवेचाच भाग आहे.

आजाऱ्यांना एकांतात नेऊन स्पर्श करणारा प्रभू आपल्या मुलामुलींचे हात कोमल आणि ओठ संयमी करो. आमेन.