ऑप्शनला टाकलेला धडा

माझी नात बी.एस्सी. नर्सिंग शिकते. परीक्षेच्या सुट्टीत ती आमच्याकडे येते, कारण हॉस्टेलवर दिवे लवकर मालवतात आणि इथं आजीचा चहा रात्री बारालाही मिळतो. परवा तिच्यासमोर वह्यांचा ढीग होता. विषय पॅथोफिजिऑलॉजी, म्हणजे रोगात शरीराचं कामकाज कशामुळे बिघडतं आणि एका बिघाडातून दुसरा कसा निघतो याची साखळी. आपल्या जुन्या वैद्यांना ही कल्पना अपरिचित नव्हती. रोगाची ओळख पाच अंगांनी करावी असं ते सांगत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. त्यातली संप्राप्ती म्हणजे जवळजवळ हाच विषय. नात मात्र हे सगळं इंग्रजीत वाचते, मनात मराठीत लावते आणि वॉर्डात कन्नडमध्ये बोलते. आपल्या भागातल्या मुलांना याचं काही वाटत नाही.

मी सहज पानं चाळत होतो. एका धड्याची पानं दुमडून वर रबर लावलं होतं. विचारलं तर म्हणाली, "आबा, तो शॉकचा धडा. ऑप्शनला टाकलाय. गेल्या दोन्ही पेपरांत आला होता, आता यायचा नाही. आणि आलाच तर दुसरा प्रश्न असतोय की."

तिचा हिशेब चुकीचा नव्हता. पास व्हायला पन्नास टक्के लागतात. उरलेल्या पन्नासात काय काय गेलं, हे मार्कलिस्टवर कुठंच लिहिलेलं नसतं. बासष्ट टक्के मिळाले की पेढे वाटायचे. ते अडतीस टक्के कुठले, असं पेढे खाणाऱ्यांपैकी कुणी विचारत नाही.

मला मात्र त्या रबराकडं बघून १९९४ सालची एक रात्र आठवली.

माझ्या आईचं गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन झालं होतं. दवाखान्याचं नाव सांगण्याचं कारण नाही. संध्याकाळी ती शुद्धीवर आली, बोलली. मी कॉटशेजारी स्टुलावर. रात्रपाळीची सिस्टर तरुण होती, कामसू होती, अख्ख्या वॉर्डाला एकटी होती. ती दर तासाला यायची, नाडी आणि रक्तदाब घ्यायची आणि कॉटच्या पायथ्याशी अडकवलेल्या कागदावर लिहायची. आईला तहान लागली होती, जीव घाबरा होत होता, हातपाय एका जागी ठरत नव्हते. सिस्टर म्हणाली, "बीपी चांगलं आहे हो, ऑपरेशनची भीती घेतलीय त्यांनी." मीही कागद वाचला. नाडी आधी चौऱ्याऐंशी, मग अठ्ठ्याण्णव, मग एकशे बारा. रक्तदाबाचा वरचा आकडा थोडा खाली आला होता, खालचा उलट चढला होता. वरचा शंभरावर आहे एवढं बघून मी निर्धास्त झालो. मी हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो, हे इथं सांगितलं पाहिजे.

पहाटे पाळी बदलली. आलेल्या थोरल्या सिस्टरनं कागदाकडं एकदाच पाहिलं, पांघरूण बाजूला करून आईच्या पावलांना हात लावला आणि तशीच डॉक्टरांना बोलवायला धावली. पोटात आतल्या आत रक्तस्राव होत होता. पोट पुन्हा उघडलं, रक्ताच्या बाटल्या चढवल्या. आई वाचली, आणि पुढं अकरा वर्षं तिनं आम्हाला भरपूर बोलून घेतलं.

त्या कागदावर सगळं लिहिलेलं होतं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं लिटरभर गेलं तरी रक्तदाब अनेकदा ठीकच दिसतो, कारण शरीर गप्प बसत नाही. हृदय वेग वाढवतं. कातडीच्या, आतड्यांच्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणजे उरलेलं रक्त मेंदूला आणि हृदयाला पुरावं. म्हणून पाय गार पडतात, आणि म्हणूनच खालचा आकडा चढतो. मूत्रपिंडं पाणी राखून ठेवतात, लघवी कमी होते. तहान लागते. याला पुस्तकात 'कॉम्पेन्सेशन' असा शब्द आहे. नुकसानभरपाई. आपल्याकडं ज्यांच्या जमिनी गेल्यात त्यांना हा शब्द शिकवावा लागत नाही. फरक एवढाच की शरीर ही भरपाई स्वतःच्या गाठोड्यातून देतं, आणि गाठोडं रिकामं झालं की रक्तदाब एकदम कोसळतो. चांगला रक्तदाब हा त्या वेळी तब्येतीचा पुरावा नसतो, शरीर किती धडपडतंय याचा पुरावा असतो. हे कारण ज्याला ठाऊक, त्याला चार आकडे मिळून एक वाक्य दिसतं. ज्यानं फक्त 'शॉकची लक्षणे : आठ गुण' पाठ केलीत, त्याला चार आकडे चार ठिकाणी दिसतात. आणि ज्यानं धडा ऑप्शनला टाकला त्याला काहीच दिसत नाही.

मग त्या तरुण सिस्टरचा दोष किती? तिनं आळस केला नाही. एकही तास चुकवला नाही, एकही आकडा खोटा लिहिला नाही. तिला माहीत नव्हतं, इतकंच. पण अज्ञान ही सबब होऊ शकते का, हा प्रश्न फार जुना आहे. ॲरिस्टॉटलनं आपल्या नीतिशास्त्रात म्हटलंय की जे अज्ञान माणसानं स्वतःच ओढवून घेतलं, त्याची जबाबदारी त्याच्यावरच येते. दारूच्या नशेत केलेल्या गुन्ह्याला दुप्पट शिक्षा, या कायद्याचा दाखला त्यानं दिलाय. १८७७ साली क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञानं एका निबंधात याहून कडक भूमिका घेतली. त्याचा जहाजमालक आपल्या जुन्या जहाजाबद्दलची शंका मनातून हळूहळू घालवतो, इतक्या सफरी झाल्या तशी हीही होईल अशी स्वतःची समजूत घालतो, आणि जहाज माणसांसकट बुडतं. तो दोषी हे कुणीही म्हणेल. पण क्लिफर्ड म्हणतो, जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो तेवढाच दोषी. कारण तपासल्याशिवाय विश्वास ठेवण्याचा त्याला हक्कच नव्हता.

मला हे पटतं, आणि पूर्ण पटत नाही. क्लिफर्डचं ऐकायचं तर कुणी सिस्टर व्हायलाच नको. वैद्यकाचं पुस्तक कुणाचंच वाचून पुरं होत नाही, डॉक्टरांचंही नाही. शिवाय सकाळी वॉर्डात ड्यूटी, दुपारी वर्ग, रात्री परक्या भाषेतलं पुस्तक, असं ज्या पोरीचं चाललंय तिनं थोडं टाकलं नाही तर काय करावं? पेशंट भरमसाट आणि सिस्टर एक, ही व्यवस्था तिनं केलेली नाही. एकट्या तिच्याच डोक्यावर पाप ठेवून बाकीच्यांनी हात झटकावेत हे मला मान्य नाही.

तरीही न येणं आणि टाकणं यात एक फरक मला दिसतो. ज्याला आपल्याला येत नाही हे माहीत असतं, तो घाबरतो, विचारतो, मोठ्याला हाक मारतो. त्या रात्री सिस्टरनं, "मला हे कळत नाहीये, जरा बघा," असं कुणाला म्हटलं असतं तरी भागलं असतं. टाकलेल्या धड्याचं मात्र असं होतं की पास झाल्यावर तो टाकल्याचंच आपण विसरतो. वर प्रमाणपत्राची चौकट बसते आणि भोक झाकलं जातं. पेशंट काही पाचपैकी कोणतेही तीन घेऊन येत नाही. कुणी म्हातारी 'नीरडिके, नीरडिके' म्हणत पाणी मागते. तिला पेला द्यायचा की तिची नाडी बघायची, हे ठरवताना प्रश्नपत्रिकेतली निवड हाताशी नसते.

हे सगळं मी नातीला बऱ्यापैकी आवाज चढवून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "आबा, पण ऑप्शनला टाकायला शिकवलं कुणी? बाबा सांगतात, तुमची यादी मिळाली की वर्गातली पोरं निम्मं पुस्तक बंद करायची म्हणे."

खरं होतं. एस.एस.एल.सी.च्या मुलांसाठी मी दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका समोर ठेवून हमखास प्रश्नांची यादी करायचो. सायक्लोस्टाईल करून वाटायचो. मराठी माध्यमाची पोरं, पुढं पी.यू.सी.ला इंग्रजीशी झुंजायची, निदान इथं तरी चांगल्या गुणांनी निघावीत हा हेतू. निकाल छान लागायचा, सत्कारही झाले. रक्ताभिसरण मोठं आणि आकृतीला वेळ खाणारं, म्हणून त्याच्यापुढं मी 'वेळ असल्यास' असं लिहायचो. त्या मुलांतल्या काही मुली नर्सिंगला गेल्या. कुणाच्या कॉटशी त्या रात्री जागत असतील, आणि माझ्या 'वेळ असल्यास'चं तिथं काय झालं असेल, याचा मी तोवर कधीच विचार केला नव्हता. आईच्या कॉटशी बसून तो कागद मीही वाचलाच होता. त्या सिस्टरला बोल लावताना हे मी सोयीनं बाजूला ठेवलं होतं.

नातीनं रबर काढलं. माझ्या बोलण्यानं काढलं की मी गप्प झालो म्हणून, सांगता येत नाही. धडा तिनं माझ्याकडूनच वदवून घेतला, म्हणजे मला कॉटवर झोपायला लावलं आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर बाण काढत मोठ्यानं बोलत राहिली. रक्त कमी, म्हणून हृदयाकडं परत येणारं कमी, म्हणून नाडी जलद. मध्येच अडली, मागं गेली, पुन्हा आली. खालचा आकडा का चढतो हे तिला दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. साडेबाराला आजी येऊन ओरडून गेली.

वही मिटताना तिनं विचारलं, "पणजीचे पाय किती गार होते हो, आबा?"

मला सांगता येईना. मी रात्रभर शेजारी होतो, पण हात लावून बघितला नव्हता.