सुखतळा

दिवाळीच्या खरेदीत पायांचा नंबर नेहमी शेवटी लागतो. आधी साड्या आणि सदरे, मग फराळाचे सामान, मग आकाशकंदील. आणि एवढे सगळे झाल्यावर पैसे व उत्साह दोन्ही थोडे उरलेच, तर कोणाला तरी आठवते की धाकट्याचे बूट राहिले! दुकानात गेल्यावर आपण काय पाहतो? रंग पाहतो, चकाकी पाहतो, किंमत पाहून तोंड वाकडे करतो, आणि शेवटी मुलाला बूट चढवून दुकानातल्या गालिच्यावर चार पावले चालवतो. टोचत नाही ना? मऊ लागतो ना? मुलाने मान हलवली की बूट खोक्यात आणि खोके पिशवीत. जोड्याच्या ज्या भागावर ते पाऊल पुढे वर्षभर उभे राहणार असते, त्याची परीक्षा अशी अर्ध्या मिनिटात उरकते.

त्या भागाला आपल्याकडे मोठे गोड नाव आहे. जोड्याच्या आत, तळव्याला लागून जो थर असतो तो सुखतळा. हल्ली दुकानांतून त्याला ‘इनसोल’ म्हणतात. तो इंग्रजी शब्द वस्तूची नुसती जागा सांगतो. आपला शब्द तिचे कर्तव्य सांगून मोकळा होतो. सुख देणे हेच ज्याचे काम, तो सुखतळा. परंतु नाव इतके स्पष्ट असले की एक प्रश्न आपोआपच उभा राहतो. सुख देणे म्हणजे नेमके काय देणे? आणि ज्याला सुख द्यायचे तो खूश झाला, एवढ्याने ते देणाऱ्याचे कर्तव्य संपते काय?

प्रश्न तत्त्वज्ञानाचा वाटेल. पण त्याचे उत्तर शोधायला पायाकडेच पाहणे बरे. माणसाच्या एका पावलात २६ हाडे असतात. चालताना दर पावलाला क्षणभर देहाचा सारा भार, किंबहुना त्याहून किंचित अधिकच, एका पायावर येतो. आणि तोही सगळ्या तळव्यावर सारखा नव्हे, तर मुख्यतः टाचेवर आणि चवड्यावर. आता सुखतळा काय करू शकतो? ६० किलोच्या माणसाला तो ५० किलोचा करू शकत नाही. भार आहे तेवढाच राहणार. सुखतळ्याच्या हाती एकच गोष्ट असते: टाचेच्या आणि चवड्याच्या चार ठिकाणी एकवटलेला भार शक्य तेवढ्या तळव्यावर पसरून देणे. जिथे कमान आहे तिथे थोडे वर येऊन तिलाही कामाला लावणे, जिथे हाड टेकते तिथे थोडे खाली जाणे. ओझे नाहीसे करता येत नाही, ते वाटून देता येते. सुखतळ्याचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे.

मऊपणाची गंमत इथेच कळते. दुकानात बोटाने दाबून पाहिल्यावर लोण्यासारखा लागणारा फोमचा थर म्हणजे असंख्य बारीक बुडबुड्यांची वस्ती. पाऊल पडले की बुडबुडे दबतात, उचलले की फुगतात. पण हजारो वेळा दबल्यावर त्यांच्या भिंती वाकतात, फुटतात, आतली हवा निघून जाते आणि थर चपटा होतो. तो कुठे चपटा होतो हे पाहण्यासारखे आहे. जिथे भार सर्वांत जास्त, बरोबर तिथेच तो सर्वांत आधी हार मानतो. कडेला, जिथे कोणी पायच ठेवत नाही, तिथे तो शेवटपर्यंत मऊ राहतो! उलट जुन्या पद्धतीच्या शिवलेल्या बुटात आतला तळ जाड कातड्याचा असतो आणि त्याच्या व बाहेरच्या तळाच्या मध्ये बुचाचा थर भरलेला असतो. असा बूट पहिल्या दिवशी कठीण लागतो. पण पायाची ऊब, घाम आणि वजन यांनी काही आठवड्यांत त्यावर त्या एका माणसाचे पाऊल उमटते, आणि मग तो बूट त्याचाच होऊन जातो.

कोणी म्हणेल, यात नीतीचा प्रश्न कुठे आला? गिऱ्हाइकाला मऊ हवे होते, त्याला मऊ मिळाले. त्याला स्वस्त हवे होते, म्हणून कारखानदाराने आत पुठ्ठा घालून वर फोमची पातळ पट्टी चिकटवली. गिऱ्हाईक हसत घरी गेले. मग फसवले कोणाला?

हा युक्तिवाद वाटतो तितका पोकळ नाही. स्वस्त वस्तू बनवणे हे पाप नव्हे. गरिबाला स्वस्त जोडाच परवडतो. आणि थोडा मऊपणा पायाला हवाच असतो. पण या व्यवहारात दोघांच्या ज्ञानात एक फरक आहे. तो मऊपणा किती महिने टिकेल हे बनवणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते. घेणाऱ्याचे समाधान त्याच्या अज्ञानावर उभे आहे हे कळत असूनही जो त्या समाधानाकडे बोट दाखवतो, तो खोटे एक अक्षरही बोलत नाही. पण वस्तूकडून मात्र खोटे बोलवून घेतो. वरचे कातडे सगळ्यांना दिसते, म्हणून ते चांगले असते. आतला थर कोणी पाहत नाही, म्हणून तिथे काहीही चालते. बडा घर पोकळ वासा ही म्हण घरासाठी झाली खरी. पण बुटालाही ती बेतून शिवल्यासारखी बसते.

पूर्वी असे नव्हते काय? कोल्हापुरी वहाणेचे उदाहरण घेऊ. म्हशीचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावायचे, तळाचे थर एकावर एक ठेवून कातड्याच्याच वादीने शिवायचे, खिळा वापरायचा नाही. नवी वहाण चावते. तिला तेल पाजावे लागते, चार दिवस सोसावे लागते. पण एकदा ती पायाला लागली की वर्षानुवर्षे साथ देते. ही वहाण गावासाठी करणारा कारागीर त्याच गावचा असे. वादी तुटली, तळ उसवला, की वहाण त्याच्याच दाराशी परत येई. आपल्या कामाचा निकाल त्याला डोळ्यांनी पाहावा लागे. तक्रार कानाशी असली की हात आपोआप प्रामाणिक राहतो. आज बूट बनतो एका प्रांतात, विकला जातो दुसऱ्यात, आणि फाटतो तिसऱ्यातच. बनवणाऱ्याच्या कानापर्यंत काहीच पोहोचत नाही.

तरीही त्या जुन्या गावाचे गोडवे गाताना जपून गावे. गिऱ्हाइकाची तक्रार कारागिराला ऐकू येत होती. कारागिराची तक्रार मात्र गावाला ऐकू येत नव्हती. ज्याने साऱ्या गावाच्या तळव्यांची काळजी वाहिली त्याला गावाने वेशीबाहेर ठेवले, आणि त्याच्या हातची वहाण घालून त्याच्या सावलीचा विटाळ मानला. काशीचे संत रोहिदास याच व्यवसायातले होते. त्यांच्या नावापुढे हात जोडणाऱ्या किती घरांनी त्यांच्या जातभाईंना ओसरीवर बसू दिले? पायाखालची वस्तू हलकी, म्हणून ती करणारा हलका! ज्या समाजाने सुखाचा पाया इतका तुच्छ लेखला, त्याला आतल्या थराकडे पाहण्याची सवय लागावी कशी?

तर मग, तक्रार ऐकू आली की माणूस नीट वागतो असे झाले. पण जिथे तक्रार उमटणेच शक्य नाही, तिथे काय? हा प्रश्न कल्पनेतला नाही. दक्षिणेत वेलोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात १९४६ साली डॉ. पॉल ब्रँड नावाचे शल्यवैद्य आले. जन्माने ते भारतातलेच. तामिळ मुलुखातल्या डोंगरांत वाढलेले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगानेच झडतात असा त्या काळी सार्वत्रिक समज होता. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की बहुतेक नासाडी रोग स्वतः करत नाही. रोगाने मज्जातंतू निकामी होतात, वेदना थांबते, आणि वेदना थांबली की माणूस स्वतःच्याच पायाची राखण करू शकत नाही.

आपण मैलभर चाललो की चवड्याला थोडी रग लागते आणि नकळत आपण भार दुसरीकडे टाकतो, किंचित वेगळे पाऊल टाकू लागतो. ही शरीराची कुरकुर इतकी बारीक असते की ती आपल्या मनापर्यंतही येत नाही. बधिर पायाला ही कुरकुर नसते. तो एकाच जागी, एकाच रीतीने, हजारो वेळा टेकत राहतो. मोठा घाव लागायलाच हवा असे नाही. साधा दाबच पुन्हापुन्हा त्याच ठिकाणी पडला की आतले मांस सुजते आणि शेवटी तिथे जखम होते. अशा पायासाठी जोडा कसा करायचा? त्याला विचारून उपयोग नाही. पुठ्ठा घातला तरी तो सुखच वाटते म्हणणार, आणि खिळा वर आला तरीही तेच सांगणार! गिऱ्हाईक समाधानी आहे हा सगळ्या व्यापाराचा दाखला इथे कवडीमोलाचा ठरतो.

या पायांसाठी भारतात जी चप्पल रूढ झाली तिच्याकडे पाहावे. वर सूक्ष्म छिद्रांच्या रबराचा जाड थर. बोटाने दाबला तर दबावा, पण भाराखाली पार बसू नये इतक्याच बेताचा. त्याखाली काटा आरपार येऊ नये म्हणून कठीण तळ, पुष्कळदा मोटारीच्या जुन्या टायरचा. खिळा कुठेही नाही. सगळे शिवलेले किंवा चिकटवलेले. आणि टाचेमागे एक पट्टा, कारण बधिर बोटांना चप्पल धरून ठेवता येत नाही. जुन्या टायरच्या या चपलेइतकी स्वस्त वस्तू दुसरी कोणती असेल? पण तिच्यात एक थरही खोटा नाही. नुसता मऊपणा नाही, नुसता कठीणपणा नाही. प्रत्येक थर आपल्या जागी आपले काम करतो, आणि ते काम कोणी तपासणार नाही हे ठाऊक असूनही करतो.

या चपलेची कथा एवढ्यावर संपली असती तर बरे झाले असते. ती लवकरच ओळखू येऊ लागली. चप्पल पाहिली की लोक रोग ओळखत आणि चार पावले दूर सरकत. पायाची जखम टाळणारी वस्तू मनाला जखम करू लागली, आणि पुष्कळांनी ती घरात ठेवून साधी चप्पल घालून बाहेर जाणे पसंत केले. म्हणून पुढे तीच चप्पल चारचौघांसारखी दिसेल अशी करण्याची खटपट कारागिरांना करावी लागली. सुख देऊ पाहणाऱ्याने तळवाच तेवढा पाहून चालत नाही; तो तळवा ज्याचा आहे त्याची मानही ताठ राहिली पाहिजे.

हे सारे दूरच्या कोणाचे दुःख आहे असे समजू नये. कुष्ठरोग आज औषधांनी बरा होतो; पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार आपल्या देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींहून अधिक आहेत. लांबलेल्या मधुमेहातही पाय असेच बधिर होऊ शकतात. डॉक्टर १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा एक तंतू तळव्याला टेकवून विचारतात, कळते का? ज्याला कळत नाही त्याच्या पायाने आपला पहारेकरी गमावलेला असतो. फराळाचे ताट पुढे आल्यावर घरातल्या आजोबांच्या साखरेची चौकशी आपण करतो. त्यांच्या चपलेत हात घालून आतला थर चाचपून पाहणारे घर मात्र विरळा.

आणि पायापुरतेच हे खरे आहे असेही नाही. ज्या घरात मृत्यू झाला त्या घरी आपण जातो आणि मऊ शब्द बोलतो. सगळे ठीक होईल, देवाच्या मनात होते, धीर धरा. ते शब्द खोटे नसतात, फोमसारखे असतात. भार पडला की तिसऱ्या दिवशी चपटे होतात. शेजारची एखादी बाई यातले काहीच बोलत नाही. महिनाभर रोज डबा आणून ठेवते, मुलांना शाळेत पोहोचवते, बँकेच्या रांगेत उभी राहते. तिने दुःख हलके केले काय? मुळीच नाही. तिने त्याचा थोडा भार आपल्या अंगावर पसरून घेतला. दुसरीकडे कठोरपणालाच सद्गुण समजणारेही असतात. मुलाला टक्केटोणपे खाऊ द्यावेत, म्हणजे तो घडेल, असे ते म्हणतात. लाकडी खडावाही टिकाऊ असतात. पण टिकाऊपणा हेच सुख असते तर सुखतळ्याचा शोध माणसाने लावलाच नसता.

ज्याला बोलता येते त्याच्या समाधानावर थांबणे सोपे आहे. पण लहान मूल, फार थकलेले म्हातारे माणूस, आपल्यावर डोळे मिटून विश्वास टाकणारे कोणीही, यांच्या बाबतीत आपण सारेच बधिर पायाचे कारागीर असतो. आपण आत पुठ्ठा घातला की कातडे, हे त्यांना कळणार नाही. फार उशिरा कळेल, किंवा कळेल तेव्हा ते सांगू शकणार नाहीत. तिथे आपल्याला पारखणारे दुसरे कोणी नसते. आतला थर कसला घालायचा, हे तिथे आपले आपणच ठरवायचे असते.