गाईचा विमा आहे, गड्याचं काय?

इंदापूर तालुक्यातल्या पळसदेव परिसरात आता नुसत्या उसावर कोणी विसंबून राहत नाही. पुणे-सोलापूर महामार्गाला हॉटेलं-गॅरेजं लागली, वस्त्यांवर मुक्त गोठे झाले, लोणी देवकरची एमआयडीसी हाकेच्या अंतरावर. पोरं धंद्यात उतरतायत, चांगलंच आहे. पण त्यांचा प्रकल्प अहवाल उघडून बघा. शेड, यंत्र, वीजजोडणी, व्याज, सगळ्याला रकाना. कर्जाच्या गाईचा विमा उतरवून कानात बिल्लाही ठोकलेला. तिचं शेण काढणाऱ्या गड्यासाठी मात्र एक ओळ नाही. वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचं अपघाती संरक्षण देणारी सरकारी योजना आहे, तीही त्याच्यासाठी कोणी घेत नाही. अर्थात विमा ही अपघातानंतरची गोष्ट झाली.

अपघात होऊच नये म्हणून काय केलंय, असं विचारलं तर उत्तर तयार असतं: "आपल्याला कुठं कारखान्याचा कायदा? माणसं तीन." बरोबर आहे. 2020 च्या कामगार सुरक्षा संहितेनं तर विजेवर चालणाऱ्या कारखान्याची मर्यादा 10 वरून 20 कामगारांवर नेली. पण कडबाकुट्टीचं पातं हजेरीपट बघून फिरत नाही.

मार्च 2023 मध्ये बारामती तालुक्यातल्या खांडजला शेणाच्या टाकीत सफाईला उतरलेला एक जण गुदमरला. त्याला वाचवायला गेलेलेही वर आले नाहीत, चौघं गेले. शेण कुजताना मिथेन तयार होतो, हायड्रोजन सल्फाइडही. हा दुसरा वायू फार झाला की नाकाला त्याचा वासच येईनासा होतो. म्हणजे "वास नाही, उतर बिनधास्त" हा जुन्याजाणत्यांचा अंदाजच घात करतो. अशा वेळी आपण नशिबाला बोल लावतो. नशीब बिचारं उलट बोलत नाही, मालकाला सोयीचं पडतं.

मुहूर्ताचा नारळ फोडण्याआधी मालकानं रोज काम करणाऱ्या माणसाबरोबर सगळी जागा फिरावी. हात कुठं अडकेल, पदर कुठं ओढला जाईल, हे त्यालाच विचारावं आणि वहीत लिहावं. हेल्मेट, हातमोजे नंतर. आधी पट्ट्यावर जाळी, आणि चारा घालणाऱ्याचा हात पोचेल तिथं बंद करायचं बटण. टाकी बाहेरून पंपानं उपसायची, आत कोणी उतरायचं नाही. थोडक्यात वाचलेला प्रसंगही त्याच वहीत टिपायचा. आपल्याकडं तो चहाच्या टपरीवर हसण्यावारी जातो.

ग्रामपंचायतीनं ना-हरकत दाखला देण्याआधी ही वही मागायला काय हरकत आहे? आणि "मी आत उतरणार नाही" म्हणणाऱ्या गड्याचा त्या दिवसाचा रोज कापला जाणार नाही, हे मालकानं पहिल्याच दिवशी चारचौघांत सांगून टाकावं.