अंधारात संपणारे स्तोत्र

मुलांना निर्भयतेचा उपदेश करणे हा शिक्षकाच्या पेशाचाच भाग. मीही तो वीस वर्षे इमानेइतबारे केला, वर्गाकडून मनाचे श्लोक पाठ करून घेतले. आणि जुलै २०२० मध्ये, पुण्यात पुन्हा टाळेबंदी लागली असताना, आईला रुग्णालयात ठेवून घरी परतलो, तेव्हा मला आपल्याच जिन्यात पाऊल टाकवेना! ओठांवर श्लोक होते, पण पोटातला गोळा हलत नव्हता. त्याहून जाचत होती ती शरम. श्रद्धा असून भीती वाटतेच कशी?

शेजारी माझ्या निवृत्त सहशिक्षिका राहतात, ख्रिस्ती आहेत. त्यांनी दाराशी डब्याबरोबर स्तोत्रसंहिता ठेवली. वाटले, आता सांत्वन वाचायला मिळेल. पाहतो तो पानोपानी तक्रार! देव आपल्याला विसरला की काय, असे कुणी विचारतो. कुणाचे अंथरूण आसवांनी भिजलेले. आमचे तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, तोच हा सूर. तेविसावे स्तोत्र सर्वांच्या आवडीचे, परंतु त्यातही काळोखी दरी टळत नाहीच. ८८वे तर शेवटपर्यंत उजाडत नाही. ते अंधारातच संपते. तरीही १५० स्तोत्रांतून कुणी ते वगळले नाही.

फोनवर बाईंना मी हे म्हटले. त्या म्हणाल्या, "सर, पंडिता रमाबाईंनाही ते मराठीत आणावे लागलेच ना!"

खरेच. आईवडील दुष्काळात गेलेले, मागोमाग भाऊ, १८८२ मध्ये पती. या बाई केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणत होत्या. १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः. मधल्या महिन्यांतही काम चालूच होते. त्यांच्या मनात काय होते ते मी कोण सांगणार? पण इतके सोसलेल्या बाईंपुढेही त्या स्तोत्राचा शेवट तसाच अंधारा होता.

त्या रात्री देव्हाऱ्यासमोर बसून मी एवढेच म्हणालो, "मला फार भीती वाटते आहे." गोळा होताच, झोप मात्र लागली.

आई घरी आली. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत बाईच अंथरुणाला खिळल्या. "वाचून दाखवता का?" फोनवर क्षीण आवाज आला.

"तेविसावे वाचू?"

"तेही वाचा. आधी अठ्ठ्याऐंशीवे."